प्रॅक्टिकल शूटिंग करायचंय, तर आधी पिस्तूल घेऊ का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: ठाण्यात घोडबंदर रोडला राहणारा एक वाचक, वय 36, नोकरी ऐरोलीच्या आयटी पार्कात. गेले 9 महिने शनिवार-रविवार 10 मीटरच्या रेंजवर एअर पिस्तूल मारतोय, पिस्तूल क्लबचंच. 60 शॉटला 600 पैकी 525 ते 535 च्या मध्ये तीन महिने अडकलाय. रात्री मोबाईलवर परदेशातल्या प्रॅक्टिकल शूटिंगचे व्हिडिओ बघतो, कमरेच्या होल्स्टरमधून पिस्तूल काढून पळत पळत पुठ्ठ्याची टार्गेटं मारणारे लोक, आणि त्याला वाटतं आपल्याला हेच करायचं होतं, 10 मीटर म्हणजे नुसतं खांबासारखं उभं राहायचं. एका डीलरने थोडंसं वापरलेलं इम्पोर्टेड मॅच पिस्तूल 1 लाख 70 हजारात देतो म्हटलंय, पण ह्याच महिन्यात ठरवा म्हणतोय. बायको म्हणते घरात सात वर्षांची पोरगी आहे, पिस्तूल येणार नाही. शेजारच्या लेनला पंधरा-सोळा वर्षांची मुलं स्वतःची पिस्तुलं घेऊन येतात आणि 560 मारतात, ते बघून आणखी वाईट वाटतं. प्रश्न असे: "ताई, इंडियात प्रॅक्टिकल कसं करू? चांगलं पिस्तूल घेतलं तर स्कोर वाढेल ना? आणि 36 म्हणजे उशीर झाला का?"

ताईचं उत्तर:

ताई म्हणालास म्हणून अरेतुरे करते, राग मानू नकोस. सगळ्यात सोप्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: ह्या महिन्यात पिस्तूल घेऊ नकोस. कधीच घेऊ नको असं नाही म्हणत, पण "ह्याच महिन्यात ठरवा" म्हणणाऱ्या माणसाकडून तर नकोच. का ते पुढे सांगते, आधी तुझ्या त्या व्हिडिओंबद्दल बोलू, कारण मला ते मनापासून आवडतात आणि तुला ते आवडतात ह्यात काहीही चूक नाहीये.

प्रॅक्टिकल शूटिंगची जी जागतिक संघटना आहे, आयपीएससी, ती 1976 मध्ये अमेरिकेत मिझुरी राज्यातल्या कोलंबिया गावात सुरू झाली. त्यांच्या बोधवाक्यात तीन लॅटिन शब्द आहेत, त्यांचा अर्थ अचूकता, ताकद आणि वेग, आणि अचूकता पहिली आहे हे लक्षात ठेव. व्हिडिओत आपल्याला फक्त पाय दिसतात रे. स्कोरशीट दिसत नाही. तिथे पुठ्ठ्याच्या टार्गेटवर मधला ए झोन 5 मार्कांचा, त्याच्या बाहेर सी, मग डी, आणि कमी ताकदीच्या गोळीला सी चे 3 आणि डी चा 1 मिळतो, पूर्ण चुकला तर मार्क तर नाहीच, वर 10 कापतात. मग जेवढे मार्क झाले त्यांना लागलेल्या सेकंदांनी भागायचं, त्या आकड्याला हिट फॅक्टर म्हणतात, आणि ज्याचा आकडा मोठा तो स्टेज जिंकला.

आता गणित कर. सहा टार्गेटं, प्रत्येकावर दोन, म्हणजे 12 गोळ्या आणि जास्तीत जास्त 60 मार्क. एक जण 12 सेकंदांत सगळे ए मारतो, 60 भागिले 12, त्याचे झाले 5. दुसरा धाडधाड 9 सेकंदांत संपवतो, तीन सेकंद म्हणजे ह्या खेळात फार मोठा फरक, पण त्याचे 6 ए, 4 सी, 2 डी, म्हणजे 44 मार्क, भागिले 9, झाले 4.89. हरला. आणि त्या दोन डी मधला एक जर पूर्ण चुकलेला असेल तर 33 मार्क उरतात, हिट फॅक्टर 3.67, मग तर विषयच संपला. हां, तिसरा कोणीतरी असतो जो 9 सेकंदांत 50 मार्क करतो, 5.56, आणि तो दोघांनाही मागे टाकतो, म्हणून वेग महत्त्वाचा नाही असं मी म्हणणार नाही. पण तो तिसरा माणूस आधी पहिला माणूस होता. दुसऱ्यापासून सुरुवात करून तिसरा झालेले मी तरी पाहिले नाहीत.

आणखी एक गोष्ट व्हिडिओत कापलेली असते ती म्हणजे डिसक्वालिफिकेशन. पळताना नळीचं तोंड ठरलेल्या कोनाच्या बाहेर मागे वळलं, मॅगझीन बदलताना बोट ट्रिगर गार्डच्या आत राहिलं, पिस्तूल हातातून पडलं, ह्यातलं एक जरी झालं तरी रेंज ऑफिसर "स्टॉप" म्हणतो आणि तुझी अख्खी मॅच तिथेच संपते. फी भरलीये, विमानाने आलोय, हे कोणी ऐकून घेत नाही. आणि हे बरोबरच आहे. मला ह्या खेळातलं सगळ्यात जास्त हेच आवडतं की सगळ्यात फास्ट माणसालाही सेफ्टीत सूट नाही.

आता कायद्याचं. प्रॅक्टिकलमध्ये जगभर बहुतेक लोक 9 एमएम वापरतात, आणि आपल्याकडे 9 एमएम हा प्रोहिबिटेड बोअर आहे, तुझ्यामाझ्यासारख्या माणसाला त्याचं लायसन्स मिळत नाही. .32 किंवा .22 बोअरचं पिस्तूल घ्यायचं म्हटलं तरी 1959 च्या आर्म्स ॲक्टखाली लायसन्स लागतं, ठाण्यात राहतोस म्हणजे ठाणे पोलीस आयुक्तालयात अर्ज, नवी मुंबईत राहत असतास तर तिथल्या, मग चौकशी, व्हेरिफिकेशन आणि भरपूर वाट बघणं. म्हणजे व्हिडिओ बघून पुढच्या महिन्यात होल्स्टर बांधून रेंजवर जाऊ हे इथे होणार नाही. खोटी आशा दाखवून मला काय मिळणार आहे. आणि कृपा करून ऑनलाइन कुठूनतरी ते खऱ्या पिस्तुलासारखं दिसणारं प्लास्टिकच्या गोळ्यांचं काही मागवू नकोस. आयपीएससीमध्ये 6 मिलिमीटरच्या गोळ्यांचा ॲक्शन एअर नावाचा प्रकार आहे आणि काही देशांत तो छान चालतो, मान्य, पण घोडबंदरच्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावरच्या गॅलरीत एक माणूस काळं पिस्तूल कमरेतून काढतोय हे समोरच्या विंगमधल्या काकूंना दिसलं तर त्या पोलिसांना फोन करतील आणि त्यांनी केलाच पाहिजे.

मग काय करायचं? वेगाची आवड खरी असेल तर आपल्याकडे त्याला रस्ता आहे, फक्त त्यात पळणं नाही. 25 मीटरचे पिस्तुलाचे इव्हेंट बघ. रॅपिड फायरमध्ये समोर पाच टार्गेटं ओळीने, एकेका टार्गेटला एकेक शॉट, आधी 8 सेकंदांत पाचही, मग 6 मध्ये, मग 4 सेकंदांत. चार सेकंदांत पाच टार्गेटं, हात खालून वर आणण्यापासून! 2012 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये विजय कुमारने ह्याच प्रकारात सिल्व्हर आणलं होतं. स्टँडर्ड पिस्तूल नावाचा प्रकार आहे, त्यात पाच पाच शॉटच्या सिरीज, आधी 150 सेकंदांत, मग 20, मग 10. आणि आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या एशियन गेम्समध्ये ज्या 25 मीटर पिस्तुलात गोल्ड मारलं त्याच्या रॅपिड भागात टार्गेट 3 सेकंद समोर येतं आणि 7 सेकंद वळतं, तीन सेकंदांत हात वर, साइट (म्हणजे नळीवरची नेम धरायची खूण), ट्रिगर, एकच शॉट, आणि परत हात खाली. तू एकदा हे समोर उभं राहून बघ आणि मग मला सांग की हे खांबासारखं उभं राहणं आहे का.

हे सगळं .22 वर होतं. सुरुवातीला स्वतःचं लायसन्स नसताना क्लबचं हत्यार क्लबच्या रेंजवरच, त्यांच्या देखरेखीखाली वापरायची सोय बऱ्याच ठिकाणी असते, तुझ्या क्लबला सरळ विचार की 25 मीटरला कधी पाठवता आणि त्याआधी 10 मीटरला किती स्कोर हवा. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशन आहे, पुण्याला बालेवाडीत 10, 25, 50 मीटरच्या रेंज आहेत, एखादा शनिवार काढून नुसतं बघून ये. तुझ्या नवी मुंबईच्या बाजूला पनवेलला नेमबाज सुमा शिरूर यांचा लक्ष्य क्लब आहे, तिथलं काम मुख्यतः 10 मीटरचं, पण शिस्त काय असते ते कळेल.

आणि होल्स्टर, पळणं, टायमरचा बीप हे एकदा तरी अनुभवायचंच असेल तर त्यासाठी पैसे साठव आणि सुट्टीत थायलंडला जा. 2022 चा आयपीएससीचा हँडगन वर्ल्ड शूट, म्हणजे त्यांची पिस्तुलाची जागतिक स्पर्धा, पट्टायाला झाला होता, म्हणजे तिथे हा खेळ नीट खेळणारे लोक आहेत. टुरिस्टला दहा गोळ्या मारायला देणारी जागा नको, क्लबचा सेफ्टी कोर्स शोध, त्यांचंच पिस्तूल, त्यांचाच इन्स्ट्रक्टर. 1 लाख 70 हजारात नवरा-बायको-पोरगी तिघं जाऊन येतील बहुतेक.

आता तू म्हणशील 10 मीटरचं त्या पळण्याला काय उपयोग. सगळं उपयोगी पडतं असं मी म्हणणार नाही. तिथे दोन हातांची ग्रिप, इथे एका हाताची, तिथे पाय चालतात, इथे पाय हलले तर शॉट गेला. पण साइट बघत बघत ट्रिगर सरळ मागे घेणं, शॉट सुटताक्षणी टार्गेटकडे न बघता "हा आठ, डावीकडे खाली" असं स्वतःशी सांगता येणं, बोट कधी आत आणि कधी बाहेर हे अंगात भिनणं, हे तीन दोन्हीकडे तेच आहेत, आणि हे तीन 525 वाल्याला अजून यायचेत.

म्हणजे आलो तुझ्या दुसऱ्या प्रश्नावर, पिस्तूल.

तुझ्या मनात असं आहे की 560 वाल्या पोरांकडे चांगली पिस्तुलं आहेत म्हणून ती 560 मारतात. मी उलट विचारते, ती पोरं आठवड्यात किती दिवस येतात हे कधी पाहिलंयस का? तू शनिवार-रविवार असतोस म्हणून तुला ती शनिवार-रविवार दिसतात. त्यातली बरीचशी शाळा-क्लास सांभाळून आठवड्यातले पाच दिवस असतात, त्यांचे आईबाबा बाहेर बाकावर डबा घेऊन बसलेले असतात. त्यांच्याकडे पिस्तूल आधी आलं की तास आधी आले हे त्या आईबाबांनाच विचार, चहा पाजून.

आणि एक साधी टेस्ट कर, आजच्या आज फुकटात होणारी. तू जे क्लबचं पिस्तूल वापरतोस तेच कोचच्या हातात दे आणि सांग सर, दहा शॉट मारा. त्यांनी 94-95 मारले तर पिस्तूल तुला अडवत नाहीये. त्यांचेही शॉट विखुरले तर मग खरंच पिस्तुलात काहीतरी आहे, सील गेलं असेल, साइट ढिली असेल, ते क्लबला दुरुस्त करायला लाव.

बिघाड बहुतेक कुठे असतो ते सांगते. मॅच पिस्तुलावर पुढची साइट आणि मागची साइट ह्यांच्यात साधारण 35 सेंटिमीटर अंतर धर. पुढची साइट मागच्या खाचेत 1 मिलिमीटर एका बाजूला सरकली तर 10 मीटरवर शॉट जवळपास 28 मिलिमीटर बाजूला जातो. दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं आहे, आणि प्रत्येक रिंग त्याच्या बाहेर 8 मिलिमीटरची. म्हणजे एक मिलिमीटर साइट सरकली की तुझा मस्त दहा सरळ सातच्या आत जाऊन बसतो. पण हेच जर साइट एकमेकींत एकदम बरोबर असतील आणि अख्खा हातच 5 मिलिमीटर हलला तर शॉट 5 मिलिमीटरच हलतो, दहाच पडतो. म्हणून हात हलतोय हलतोय म्हणून घाबरून जी माणसं काळ्या गोलाकडे बघत राहतात आणि तो गोल बरोबर मध्ये आला की झटकन ट्रिगर ओढतात त्यांचेच शॉट सगळ्यात लांब जातात. हात हलणारच, सगळ्यांचा हलतो. झटक्याने साइट सरकते ते महागात पडतं. दीड लाखाचं पिस्तूल हा झटका थांबवत नाही, उलट त्याचा ट्रिगर जास्त हलका लागतो म्हणून काही जणांचा झटका वाढतो. मॅचमध्ये एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान 500 ग्रॅम असावा लागतो, वजन लटकवून तपासतात, त्यामुळे त्याहून हलका करून फायदा घेऊ असंही चालत नाही.

माझी स्वतःची गोष्ट सांगते, मी पण वापरलेलं इम्पोर्टेड पिस्तूल घेतलं होतं. विकणारा ओळखीतला नव्हता, पिस्तूल दिसायला नवं, ग्रिपला ओरखडा नाही, मी खूश. सहा-सात महिन्यांनी मॅचच्या आदल्या दिवशी इक्विपमेंट कंट्रोलला, म्हणजे सामान तपासतात तिथे, गेले आणि तिथल्या माणसाने सिलिंडरवरची तारीख वाचून मान हलवली. एअर सिलिंडरवर तारीख कोरलेली असते, साधारण 10 वर्षं त्याचं आयुष्य, आणि मुदत संपलेला सिलिंडर न वापरणं ही खेळाडूची जबाबदारी असते, कारण आत 200 बार प्रेशर असतं, ही काही स्कूटरच्या टायरातली हवा नाही. मला विकताना त्या सिलिंडरचे जेमतेम सहा महिने उरले होते आणि मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. नवा सिलिंडर यायला इतका वेळ लागला की तो सीझन माझा हातातून गेला. वडिलांनी अर्धे पैसे दिले होते त्या पिस्तुलाला, त्यांना हे सांगताना मला फार वाईट वाटलं होतं. म्हणून वापरलेलं घेणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, आधी सिलिंडरची तारीख, मग ग्रिपचा साइज कारण स्मॉल-मीडियम-लार्ज असे येतात आणि दुसऱ्याने तासून ठेवलेली ग्रिप तुझ्या हाताला येईलच असं नाही, मग ट्रिगरचं वजन, सील कधी बदलली ते, मूळ बिल आहे का, आणि शेवटी टेबलावर टेकवून दहा शॉट, स्वतः बघून.

आणि .177 चं, म्हणजे साडेचार मिलिमीटरच्या छर्ऱ्याचं, नेहमीचं मॅच एअर पिस्तूल घ्यायला लायसन्स लागत नाही हे खरं, पण दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेऊन नोंद ठेवतो. कोणी "कागद नको, असंच घेऊन जा" म्हणालं तर तिथून उठायचं. पुढे कधी ट्रेनमधून, रिक्षातून नेशील तेव्हा बंद हार्ड केस, छर्रे वेगळ्या बॅगेत, बिलाची कॉपी आणि क्लबचं आयकार्ड सोबत, आणि वाटेत मॉलमध्ये शिरायचं नाही.

आत्ता पैसे खर्च करायची खुमखुमी असेल तर (मला माहितीये ती असते) ती ह्या गोष्टींवर काढ. सगळ्यात आधी डोळे. तू 36 चा, दिवसभर स्क्रीनसमोर, आणि पुढची साइट तुला कुरकुरीत दिसते का ते पत्रात काहीच लिहिलं नाहीस. चष्म्याच्या डॉक्टरला सांग की मला लांबचं टार्गेट नको, हात लांब केल्यावर जिथे अंगठा येतो तिथलं स्पष्ट दिसायला हवं. लांबच्या नंबरात अर्धा-पाऊण प्लस वाढवला की बऱ्याच जणांना साइटच्या कडा एकदम धारदार दिसतात. माझ्या ओळखीत दोन जणांचा स्कोर नुसता ह्याने वर गेलाय. दुसऱ्या डोळ्यावर छोटं पांढरट झाकण, त्याची रुंदी 30 मिलिमीटरपेक्षा जास्त नको. मग बूट, सपाट तळाचे, घोट्याखालचे, पिस्तूलवाल्यांना घोटा झाकणारे चालत नाहीत. धावायचे फुगीर सोलचे बूट घालून येत असशील तर ते आधी बदल, त्यावर उभं राहणं म्हणजे गादीवर उभं राहणं. मग छर्रे, एकाच मेकचे, एकाच लॉटचे चार-पाच डबे, म्हणजे दर वेळी नवीन कारण सापडणार नाही. छर्रे शिशाचे असतात, प्रॅक्टिस झाली की साबणाने हात धुवायचे आणि मगच वडापाव, आणि खिशात सुटे छर्रे घेऊन घरी जायचं नाही, तुझी पोरगी सात वर्षांची आहे.

प्रॅक्टिसबद्दल थोडं जास्त लिहिते कारण तुझ्या पत्रात पिस्तुलावर दोन पानं होती आणि प्रॅक्टिसवर एकच ओळ, "वीकेंडला दीडशे-दोनशे शॉट मारतो". किती मारले हे सांगितलंस, काय शिकायला मारले हे नाही. 525 म्हणजे सरासरी पावणेनऊ. तुझे मागचे चार कार्ड काढ आणि बघ, मला खात्री आहे की बरेचसे शॉट नऊ-दहा आहेत आणि सहा-सात शॉट असे आहेत की जे पाच-सहात गेलेत. त्यातले सहा शॉट सहाऐवजी नऊ झाले तर 18 मार्क वाढले, 525 चे 543, नवीन काहीही न शिकता. ते शॉट कधी गेले ते आठव, हात वर नेल्यावर दहा-बारा सेकंद झाले, डोळ्यासमोर साइट विरघळायला लागली, आणि मनात आलं की आता एवढं धरलंय तर सोडूनच टाकू. बरोबर? तिथे हात खाली घ्यायचा. नुसतं एवढंच. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर 60 शॉटला 75 मिनिटं असतात, म्हणजे एका शॉटला सव्वा मिनिट, वेळ भरपूर आहे, हात खाली घेऊन श्वास घेऊन परत वर नेता येतो. पुढचा एक महिना प्रत्येक सेशनमध्ये मार्क मोजूच नकोस, किती वेळा हात खाली घेतला ते मोज. हात खाली घेणं ही हार वाटते सुरुवातीला, मला पण वाटायची.

दुसरं म्हणजे शनिवार-रविवार सलग मारून पाच दिवस हात कोरडा ठेवणं बदल. ऐरोलीहून ठाणे दोन स्टेशनं, मध्ये फक्त दिघा गाव, बुधवारी ऑफिसमधून तासभर लवकर निघता आलं तर रविवार सोडून बुधवार पकड, रविवार घरच्यांना दे. रेंजवर पहिली वीस मिनिटं छर्रा न भरता, ड्राय, आणि टार्गेट न लावता पांढऱ्या भिंतीवर. टार्गेटच नाही म्हटल्यावर डोळ्याला साइटशिवाय बघायला काही उरत नाही, आणि ट्रिगर सुटताना साइट हलली की लगेच दिसते. तीस वेळा कर, त्यातले किती वेळा साइट अजिबात हलली नाही ते वहीत लिही. मग छर्रा भरून पांढऱ्यावरच वीस, मग टार्गेट लावून तीस-चाळीस, बस. दोनशे नकोत. शंभरच्या पुढे थकलेला हात फक्त चुका पाठ करतो.

घरी पिस्तूल नसलं तरी चालतं. एक लिटरची पाण्याची बाटली भरली की एक किलो झाली, मॅच पिस्तूलही साधारण तेवढंच असतं. हात सरळ, खांद्याच्या उंचीला, 20 सेकंद धर, खाली, मिनिटभर थांब, असं दहा-बारा वेळा, एक दिवसाआड. खांदा दुखला तर थांब, जिद्द नको. पोरगी पण येईल बाजूला तिची छोटी बाटली घेऊन, येऊ दे.

तिच्यावरून बायकोकडे येते. तू पत्रात तिचं वाक्य असं लिहिलंयस जणू ती तुझ्या छंदाच्या आड येतेय. मला तसं वाटत नाही. एअर पिस्तूल खेळणं नाहीये, जवळून डोळा जाऊ शकतो, आणि सात वर्षांचं मूल कपाटाची किल्ली कुठे असते हे आपल्यापेक्षा चांगलं ओळखतं. "काही होत नाही गं" हे उत्तर नाही. उत्तर असं असतं की लोखंडी लॉकर कुठे बसवणार, किल्ली कोणाकडे, छर्रे कुठल्या दुसऱ्या कुलपात, सिलिंडर वेगळा काढून ठेवणार का, चेंबरमध्ये सेफ्टी फ्लॅग (पिस्तूल रिकामं आहे हे दाखवणारी खूण) असणार का, आणि घरी कोण आलं तर ते बाहेर काढायचं की नाही (नाही). हे तिच्यासोबत बसून ठरव. जमत नसेल तर पिस्तूल क्लबच्या लॉकरमध्ये ठेवायची सोय होते का ते विचार, काही क्लब देतात. आणि तिला एकदा रेंजवर आण, तिला स्वतःला दहा शॉट मारू दे. खूप नवऱ्यांना माहीत नसतं की बायको त्यांच्यापेक्षा शांत हाताची आहे.

वयाचं. पॅरिस ऑलिम्पिक 2024 मध्ये खिशात हात घालून उभा राहिलेला तो तुर्कस्तानचा माणूस आठवतोय ना, युसुफ दिकेच, 51 वर्षांचा, 10 मीटर एअर पिस्तूल मिक्स्ड टीमचं सिल्व्हर घेऊन गेला. लोक म्हणाले बघा, काही गियर नाही. तसं नव्हतं, हातात मॅचचंच पिस्तूल होतं, कानात प्लग होते, आणि ती त्याची पाचवी ऑलिम्पिक होती. त्याने वर्षं दिली होती. त्याच पॅरिसमध्ये 1 ऑगस्टला आपल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने रायफलमध्ये ब्राँझ आणलं, तो तेव्हा रेल्वेत टीसी होता, म्हणजे नोकरी सांभाळून. आणि तुझ्या स्वतःच्या ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील 2022 मध्ये कैरोला 10 मीटर एअर रायफलचा वर्ल्ड चॅम्पियन झाला तेव्हा विशीचाही नव्हता. म्हणजे दोन्ही टोकं आहेत. तुला ऑलिम्पिकला जायचंय असं तू लिहिलेलं नाहीस, तुला एक चांगला छंद हवाय ज्यात तू दर वर्षी थोडा बरा होशील, आणि त्यासाठी 36 हे वय मला लहानच वाटतं. क्लबची मॅच, मग जिल्हा, मग राज्य, असा चढत जा. राज्याच्या पुढे मावळंकर नावाची ऑल इंडिया स्पर्धा लागते, गणेश वासुदेव मावळंकर म्हणजे लोकसभेचे पहिले सभापती, 1951 मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन स्थापन झाली तेव्हाचे पहिले अध्यक्ष, आपला मराठी माणूस. तिथे एकदा तरी लेनवर उभं राहायचं हे ध्येय ठेव, व्हिडिओतल्या माणसापेक्षा ते तुझ्या जवळ आहे.

पिस्तूल कधी घ्यायचं तेही सांगते. सहा महिने बुधवार-शनिवार चुकले नाहीत, वही भरलेली आहे, पाच-सहाचे शॉट गेले, आणि कोच स्वतः म्हणाले की आता ह्या ग्रिपमुळे तुझं मनगट वाकतंय, तेव्हा घे. तोपर्यंत क्लबच्या ग्रिपला परवानगी घेऊन थोडी पुट्टी लावून हाताला बसवता येते का बघ, पावसाळ्यात ती नीट सुकत नाही म्हणून दोन दिवस जास्त दे. तेव्हाही आधी नवीन साधं मॉडेल आणि वापरलेलं भारी मॉडेल दोन्ही हातात धरून बघ, हाताला जे जाऊन बसतं ते घे, नावाला भुलू नकोस.

डीलरचा फोन शनिवारच्या आत परत येईल. फार बोलू नकोस, सिलिंडरवर कुठली तारीख कोरलीये तेवढं विचार आणि फोटो पाठवा म्हण. फोटो आला तर मलाही पाठव, बघून सांगते.